वीस टक्के दुखणं

शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचा आकडा सांगा.

कंबरदुखीच्या पेशंटला दवाखान्यात हा प्रश्न विचारतात. मागच्या भीमजयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या विहारात आरोग्य शिबिर झालं, तेव्हा तो आम्हीही साठेक माणसांना विचारला. बीड जिल्ह्यातली आमची वस्ती. एप्रिल म्हणजे ऊसतोडीला गेलेले लोक नुकतेच परत आलेले असतात, म्हणून तारीख मुद्दाम तीच धरली होती. फिजिओथेरपीचे दोन तरुण डॉक्टर आले होते, आणि फॉर्म भरून घ्यायचं काम आम्हा कार्यकर्त्यांकडे होतं. रांगेत आमची आईही होती.

"आकडा कशाचा सांगू?" आई म्हणाली. "दुखतंय की."

"तरी पण, शून्य ते दहामध्ये?"

"लिही तुझ्या मनानं. तुला म्हाईत नाही व्हय?"

आम्ही चार लिहिला. आईच्या दुखण्याचा आकडा आम्ही आमच्या मनानं लिहिला, ही गोष्ट तेव्हा खटकली नाही. म्हणून हा लेख.

या आकड्याच्या पुढे दुसरा, मोठा फॉर्म होता. ओस्वेस्ट्री नावाचा. इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आहे ते. तिथल्या हाडांच्या दवाखान्यात ही प्रश्नावली तयार झाली आणि १९८० साली छापली गेली. आज जगभर कंबरदुखीमुळे माणसाचं रोजचं जगणं किती अडलं हे मोजायला ती वापरतात. त्यात दहा भाग आहेत: दुखण्याची तीव्रता, अंघोळ-कपडे वगैरे स्वतःचं करणं, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक जीवन, लोकांत मिसळणं आणि प्रवास. प्रत्येक भागात सहा वाक्यं, शून्यापासून पाच गुणांपर्यंत. पेशंटनं आपल्याला लागू पडतं ते वाक्य निवडायचं. एकूण पन्नास गुण, त्याची टक्केवारी काढायची. वीस टक्क्यांपर्यंत किरकोळ, चाळीसपर्यंत मध्यम, साठपर्यंत तीव्र, आणि त्यापुढे फारच वाईट अवस्था.

कल्पना चांगली आहे, हे आधीच सांगतो. नुसतं "किती दुखतं" विचारून काही कळत नाही; त्या दुखण्यानं तुझ्या आयुष्यातलं काय काय नेलं, हे विचारायला हवं. समाजशास्त्रात एमए केलेल्या माणसाला तर अशी प्रश्नावली बघून आनंदच होतो. आम्हालाही झाला.

आता आईचा फॉर्म. वजन उचलता येतं का? "उचलते की. पाण्याचा हंडा कोण आणून देणारे?" म्हणजे उचलता येतं पण दुखतं: एक गुण. चालता येतं का? "रानात चालतच जाते." शून्य. उभं राहता येतं? येतं, पण दुखतं: एक. झोप लागते? "लागती. मधी जाग येती कधी." एक. लोकांत मिसळता का? "जाते की सगळीकडं." एक. प्रवास? एक. बसणं एक, स्वतःचं करणं एक. तीव्रता मध्यम, दोन गुण. लैंगिक जीवनाचा भाग आम्ही कोरा ठेवला. आपल्या आईला हे कोण विचारणार? भाग कोरा असेल तर पन्नासऐवजी पंचेचाळीसातून टक्केवारी काढतात. पंचेचाळीसपैकी नऊ. वीस टक्के. किरकोळ.

शिबिराचा नियम असा होता की ज्यांचे गुण चाळीस टक्क्यांच्या वर, त्यांना गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन सहा आठवडे फुकट उपचार. बाकीच्यांना गोळ्या, एक कागद आणि एका दानशूर माणसानं दिलेला कमरेचा पट्टा. आई पट्टा घेऊन घरी आली. बावीस हंगाम ऊस तोडलेली बाई किरकोळ ठरली, आणि ठरवणारा हात आमचा होता.

त्याच दिवशी शेहेचाळीस टक्के कोणाला मिळाले, तर आमच्याच वस्तीतल्या निवृत्त गुरुजींना. कोणी म्हणेल, बघा, ओळखीपाळखीनं झालं असेल. तसं अजिबात झालं नाही. गुरुजी खरं बोलले. अर्ध्या तासापेक्षा जास्त खुर्चीवर बसवत नाही म्हणाले, तसंच आहे. जड उचलणं सोडून दिलं म्हणाले, सोडलेलंच आहे. दुखण्यामुळे लग्नकार्याला जाणं बंद केलं म्हणाले, केलंच आहे. त्यांची कंबर खरोखर दुखते आणि त्यांना उपचार मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे. पण गुरुजींना पेन्शन आहे. सून पाणी भरते. त्यांना "जमत नाही" असं म्हणता येतं. आई तसं म्हणत नाही, कारण तसं म्हटलं की त्या दिवशीची चूल पेटत नाही.

मुद्दा इथे आहे. फॉर्म विचारतो, "येतं का?" आमची माणसं उत्तर देतात, "करावं लागतं." आणि आम्ही, लिहिणारे, "करावं लागतं" या उत्तरापुढे "येतं" अशी खूण करतो. दुखण्याची तीव्रता माणसानं काय काय थांबवलं यावरून मोजायची असेल, तर ज्याला काहीच थांबवायची सोय नाही तो कागदावर धडधाकट ठरणार. सर्वात जास्त पिळलेला माणूस सर्वात कमी गुण घेऊन बाहेर पडणार.

ऊसतोडीत याला एक शब्द आहे: खाडा. हंगामाच्या आधी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघायचं, मार्च-एप्रिलला परतायचं, आणि तोवर उचल फेडायची. एक दिवस फडात गेलं नाही की त्या दिवसाची मजुरी जातेच, वर खाड्याचे पैसे कापतात. बाईची कंबर धरली तर तिच्या एकटीचा खाडा होत नाही, कोयता अडतो. नवऱ्याला एकट्याला तोडणं, साळणं, मोळी बांधणं, वाहणं हे सगळं झेपत नाही. म्हणून बाई उठते. वाकून बुडाशी तोडायचं, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून ट्रकवर चढायचं. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला. सकाळी परत फड.

अशा बाईला "दुखण्यामुळे तुम्हाला जड वस्तू उचलता येतात का" असं विचारणं म्हणजे काय आहे, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

शिबिरानंतर पंधरा दिवसांनी आम्ही आईला पुन्हा विचारलं. या वेळी फॉर्म नव्हता. खरं तर विचारलंही नाही, दोन दिवस घरी राहिलो आणि बघितलं. ती पहाटे उठते तेव्हा आधी कुशीवर होते, मग हाता-गुडघ्यांवर येते, मग खाटेचा पाय धरते, आणि तशीच थोडा वेळ थांबते. पूर्ण ताठ व्हायला सात-आठ मिनिटं जातात. हे सगळं आम्ही उठायच्या आत उरकलेलं असतं, त्यामुळे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं. केरसुणीला तिनं तुराटी बांधून दांडा लांब केलाय. नातू कडेवर घे म्हणतो तेव्हा ती त्याला घेत नाही, "खाटंवर चढ, मंग घेते" म्हणते. आम्हाला वाटायचं पोराला शिस्त लावते.

आणि पाणी. आई दिवसभर पाणी फार कमी पिते. घरकुलात संडास बांधला, पण भारतीय पद्धतीचा. खाली बसलं की उठता येत नाही. म्हणून रानात खुरपायला जाताना ती तहान मारते. मे महिन्यात. वर मेडिकलमधून सुटी आणलेली दुखण्याची गोळी, बहुतेक वेळा उपाशीपोटी. या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या की पोट आणि मूत्रपिंड दोन्हीला धोका असतो, त्यात अंगात पाणी कमी असेल तर जास्तच. हे फॉर्मच्या कुठल्या भागात लिहायचं होतं?

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आई तीन वर्षं सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली नाही. आधी एकही वर्ष चुकवायची नाही. आम्ही समजत होतो की वय झालं, गर्दी नको वाटते. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी राग होता की आता घरच्या बाईलाच चळवळीचं वेड राहिलं नाही. ती म्हणाली, "गाडीत इतका येळ बसून उतारलं की पाय बधिर होत्यात. शिवाजी पार्कात पडले तर तू माझ्याकडं बघशील का स्टॉलकडं?" विहारातही ती हल्ली मागे, भिंतीला टेकून बसते. वंदनेच्या वेळी गुडघे टेकून नमन करत नाही, नुसते हात जोडते. आणि आम्ही फॉर्मवर लिहिलं होतं: लोकांत मिसळणं, एक गुण.

एक कार्यकर्ता मित्र हे सगळं ऐकून म्हणाला, "कंबर कोणाची दुखत नाही? आयटीवाल्याचीही दुखते. त्यात जात कुठून आणता?" प्रश्न रास्त आहे, टाळून चालणार नाही. जगात २०२० साली एकसष्ट कोटी नव्वद लाख माणसांना कंबरदुखी होती, आणि माणसाला अपंगत्व आणणाऱ्या कारणांत तिचा जगात पहिला क्रमांक लागतो. एवढी माणसं एका जातीची असू शकत नाहीत. ऊसतोडीतही वंजारी आहेत, बंजारा आहेत, गरीब मराठा आहेत. फक्त बौद्ध आणि मातंगच आहेत असं म्हणणं खोटं होईल. शिवाय दहापैकी नऊ कंबरदुखींत एक्स-रे, एमआरआय काढूनही नेमकं एक कारण बोट दाखवून सांगता येत नाही. म्हणजे मोळ्या वाहिल्या म्हणूनच आईची कंबर गेली हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही, हेही आम्ही मान्य करतो.

पण दुखणं सुरू झाल्यावर पुढे काय होतं? तीन महिन्यांच्या वर टिकलं की त्याला जुनाट म्हणतात, आणि तिथून पुढे दुखणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे यावर बरंच अवलंबून असतं. त्यावर शास्त्र काय सांगतं? पडून राहू नका, हलत राहा, व्यायाम करा, काम जमेल तसं विभागून करा, झोप सांभाळा, काळजी कमी करा. आयटीवाला खुर्ची बदलतो, तासातासाला उठतो, घरून काम मागतो, रजा टाकतो. त्याचं दुखणं खोटं नाही, पण कामाचा वेग थोडा तरी त्याच्या हातात आहे. तोडणीवाल्या बाईचा वेग मुकादमाच्या आणि कारखान्याच्या हातात आहे. जात हाडात नसते हे आम्हालाही माहीत आहे. ती या वेगात असते. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमाची विभागणी मानायला नकार दिला आणि ती श्रमिकांचीच विभागणी आहे असं दाखवून दिलं. त्या विभागणीत कोणी थांबायचं आणि कोणी थांबायचं नाही हेही वाटून दिलेलं असतं.

आणि मग सवयीचा सिद्धांत येतो. "यांना अंगमेहनतीची सवय असते." हे वाक्य आम्ही एका दवाखान्यात स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आई समोर बसलेली असताना. बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्याला ते कौतुक वाटत होतं.

बायकांच्या बाबतीत तर दुखणं ऐकून घेण्याआधीच कापाकापी होते. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सगळ्या शस्त्रक्रिया कंबरदुखीसाठी झाल्या असं आम्ही म्हणत नाही. पाळीचा त्रास, पांढरं जाणं, ओटीपोटातली दुखणी, कॅन्सरची घातलेली भीती, अशी अनेक कारणं होती. पण आमच्या वस्तीतल्या तीन मावश्या एकच वाक्य बोलतात: "कंबर धरली म्हणून पिशवी काढली." तिघींचीही कंबर अजून दुखते.

कायदा काय करतो? बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना त्यांच्याच काळात अडारकर अहवालातून आकाराला आली, आणि १९४८ ला ईएसआयचा कायदा झाला. आजारी पडलेल्या कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो, तो त्यातूनच. म्हणजे थांबण्याचे पैसे. चळवळीतल्या पोरांनी हे नीट समजून घ्यावं: थांबणं हा हक्क आहे हे या देशाच्या कायद्यात लिहिलं गेलं त्याला पाऊण शतक होऊन गेलं. पण त्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळले गेले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर आणि गूळ नाव घेऊन बसवले आहेत. तोडणारा तर कारखान्याचा कामगारच धरला जात नाही, तो मुकादमाचा माणूस. एकीकडे ९१ दिवसांचा भत्ता, दुसरीकडे एका दिवसाचा खाडा.

कामातून जडणाऱ्या आजारांची यादीही कायद्यात आहे. त्यात शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे. तोडणीवालीची कंबर नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात जुनाट दुखणं हा प्रकार नाही. सरकारी लाभासाठी तिथेही चाळीस टक्क्यांची अट. आमच्या शिबिरानं नकळत तोच उंबरठा उचलला होता.

पट्ट्याचंही सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, पेशंटला नीट समजावून सांगणं, मानसिक आधार यांची शिफारस केली. आणि कमरेचे पट्टे नेहमीचा उपचार म्हणून देऊ नका, असं स्पष्ट म्हटलं. आम्ही त्या दिवशी चाळीस पट्टे वाटले, आणि त्याचे फोटोही टाकले. आईचा पट्टा आता खुंटीवर आहे, नातू तो चॅम्पियनचा बेल्ट म्हणून लावतो.

तेव्हापासून आम्ही आमच्यापुरते चार प्रश्न जादा विचारतो. तुम्ही हे काम थांबवलं तर किती पैसे कापले जातात? सकाळी उठून ताठ व्हायला किती वेळ लागतो? संडासला बसावं लागू नये म्हणून पाणी कमी पिता का? जिथे जायचीच असं कुठलं ठिकाण सोडलं? यांना गुण कसे द्यायचे ते डॉक्टर लोकांनी ठरवावं, ते आमचं काम नाही. पण पुढच्या शिबिरात याची उत्तरं फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलेली असतील, आणि गाडीत कोण बसणार हे दोन्ही बाजू वाचून ठरेल, एवढं दोन्ही डॉक्टरांनी कबूल केलंय. घरकुलांतल्या संडासांना उंच बैठक आणि धरायला नळी बसवून मिळावी म्हणून ग्रामपंचायतीला अर्जही दिलाय. लहान गोष्ट आहे. आईनं पाणी पिण्याचा प्रश्न आहे.

आता विहाराची गोष्ट. एक ज्येष्ठ उपासक वस्तीतल्या बायकांना सांगायचे की दुःख हे आर्यसत्यच आहे, सहन करायला शिका. दुःख म्हणजे सोसायची वस्तू, ही वाचना बाबासाहेबांनी मानली नव्हती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच त्यांनी प्रश्न केला आहे की चार आर्यसत्यं अशी मांडली तर धम्म निराशेचा ठरणार नाही का. आणि हे मागच्या कर्माचं फळ आहे असं कोणी म्हणत असेल, तर सीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्धांनी काय सांगितलं ते संयुत्त निकायात बघावं: वेदना पित्तानं होते, कफानं होते, वातानं होते, ऋतू बदलला की होते, शरीराची हेळसांड झाली की होते, सगळंच पूर्वकर्मावर ढकलणारे चूक आहेत.

वाद घालायला हे पुरेसं होतं. पण आम्हाला खुर्च्या आणायच्या होत्या. वर्गणीतून चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेतल्या आणि विहारात मागच्या भिंतीला लावल्या. दोन रविवार कोणीच बसलं नाही. आई तर ऐकूनच घेईना. "बुद्धाम्होरं खुर्चीवर? लोक काय म्हणत्याल?"

तिसऱ्या रविवारी आम्ही तिला मज्झिम निकायातल्या सेख सुत्ताची गोष्ट सांगितली. कपिलवस्तूला शाक्यांनी नवं सभागृह बांधलं होतं आणि बुद्धांना बोलावलं होतं. रात्री बराच वेळ ते बोलले. मग आनंदाला म्हणाले, पुढचं तू सांग, माझी पाठ दुखतेय, मी जरा आडवा होतो. चीवराची चौघडी अंथरली आणि सगळ्या सभेसमोर उजव्या कुशीवर पडले.

"खरंच पाठ दुखली म्हणले?"

"तसंच लिहिलंय."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग उठली, आधी गुडघ्यावर, मग भिंतीला हात लावून, आणि खुर्चीवर जाऊन बसली. शेजारच्या मावशीलाही हाक मारली. बसल्यावर पदर नीट केला आणि विचारलं, "मंग आनंदानं काय सांगितलं पुढं?"

ते आम्ही नीट वाचलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी वाचून येतो म्हटलं.